तान्ह्या बाळाचा एमआरआय, भूल न देता

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

लंडनला तान्ह्या बाळांना भूल न देता तासभर एमआरआयमध्ये कसं ठेवतात, हे तू विचारलं होतंस. तुझा रोजचा दिवस नवजात विभागातच जातो, म्हणून वरवरचं न सांगता नीट लिहिते.

सेंट थॉमस हॉस्पिटलातल्या नवजात केंद्रात 'डेव्हलपिंग ह्यूमन कनेक्टोम' (वाढत्या मेंदूतल्या जोडण्यांचा नकाशा) प्रकल्पातल्या बाळांचे स्कॅन झाले. किंग्ज कॉलेज, इम्पीरियल आणि ऑक्सफर्ड यांचा तो एकत्र प्रकल्प. मशीन ३ टेस्लाचं (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप), डोक्याची कॉइल, म्हणजे डोक्याभोवतीचा सिग्नल टिपणारा भाग, ३२ चॅनेलची आणि खास नवजात बाळाच्या मापाची. मोठ्यांची कॉइल एवढ्याशा डोक्यापासून लांब राहते आणि सिग्नल कमी पडतो. निरोगी बाळाला निव्वळ संशोधनासाठी भूल देणं कुणालाच पटणार नाही, त्यामुळे सगळी भिस्त झोपेवर.

आधी पोटभर दूध, ढेकर, कोरडं लंगोट. मग कानात दातांचे ठसे घ्यायची मऊ पुटी दाबून बसवायची, वर छोटे इअरमफ, आणि त्यावर आवाज अडवणारं कवच. बाळाला दुपट्यात गुंडाळून बारीक मण्यांच्या गादीत ठेवतात आणि गादीतली हवा ओढून घेतात. गादी कडक होऊन अंगाबरोबर बसते. छाती मात्र आवळली जाऊ द्यायची नाही. नाडी, ऑक्सिजन आणि तापमान यांवर सतत नजर, शेजारी नवजात बाळांच्या देखभालीचं शिक्षण घेतलेलं माणूस. वायरींना वेटोळं पडू द्यायचं नाही, उघड्या कातडीला लागू द्यायच्या नाहीत, नाहीतर भाजतं.

आवाज एकदम सुरू झाला की झोपलेलं बाळ दचकतं. म्हणून प्रत्येक स्कॅनचा आवाज पहिल्या पाच सेकंदांत हळूहळू चढवतात. मला तरी सगळ्या व्यवस्थेत हीच युक्ती सर्वांत हुशारीची वाटते, आणि खर्च जवळपास शून्य.

सगळ्या स्कॅनची पूर्ण यादी ६३ मिनिटांची. त्यातला फंक्शनल स्कॅन (मेंदूचं कामकाज दाखवणारा) पंधरा मिनिटांचा: दर ३९२ मिलिसेकंदांना अख्ख्या मेंदूचं एक चित्र, अशी २३००. डिफ्यूजनची (मेंदूत पाणी कोणत्या दिशेने सरकतं ते दाखवणाऱ्या स्कॅनची) ३०० चित्रं असतात आणि त्यांचा क्रम असा लावलेला, की मध्येच बाळ उठलं तरी तोवरची माहिती एकाच दिशेकडे झुकलेली नसते.

बाळ तरी हलतंच. टी-२ मध्ये (मेंदूची रचना दाखवणारा एक स्कॅन) एकेक काप, म्हणजे पातळ थराचं चित्र, झटपट निघतो, त्यामुळे काप स्वतः स्वच्छ असतो, पण शेजारचा काप भलत्याच जागी गेलेला. यावर उपाय म्हणून ०.८ मिमी बाय ०.८ मिमी बारकाईचे, १.६ मिमी जाडीचे काप एकमेकांवर अर्धे चढवून, दोन वेगळ्या दिशांनी घेतात. मग संगणक प्रत्येक काप आपापल्या जागी बसवून ०.५ मिमीचं सलग चित्र तयार करतो. हालचाल फारच झाली तर हेही निभावत नाही. थांबून, थोपटून पुन्हा झोपवायचं.

मोठ्यांसाठी लिहिलेली सॉफ्टवेअर इथे साफ चुकतात. नवजात मेंदूत पाणी जास्त, मायलिन (मज्जातंतूंवरचं चरबीचं आवरण) कमी. त्यामुळे टी-१ वर (रचना दाखवणारा दुसरा स्कॅन) व्हाइट मॅटर, म्हणजे तंतूंचा भाग, ग्रे मॅटरपेक्षा, म्हणजे पेशींच्या भागापेक्षा, काळं दिसतं, म्हणजे मोठ्यांच्या बरोबर उलट. सहा महिन्यांच्या आसपास तर दोन्ही इतकी एकसारखी दिसतात, की सीमारेषा ओढणं जिवावर येतं. म्हणून बाळाच्या आठवड्यांप्रमाणे वेगवेगळे नकाशे लागतात, आणि वय जन्मतारखेवरून न धरता गर्भाच्या आठवड्यांसकट मोजावं लागतं.

तुझ्या उपयोगाचं एवढंच. जन्मतः गुदमरलेल्या बाळाचा स्कॅन असेल तर तारखेकडे लक्ष दे. डिफ्यूजनवरचा बदल पहिल्या आठवड्यात ठळक असतो आणि पुढे दिसेनासा होऊ लागतो, इजा तशीच असली तरी. टी-१ वर पूर्ण दिवसांच्या बाळात इंटर्नल कॅप्सूलच्या (मेंदूतली तंतूंची एक पट्टी) मागच्या भागात मायलिनची पांढरी रेघ दिसायला हवी. ती दिसत नसेल तर पुढे हातापायांच्या हालचालीला त्रास होण्याची भीती असते, म्हणून डॉक्टरांना रिपोर्टात त्याचा उल्लेख आहे का ते विचार.

आणि आत नेण्याआधी करगोटा, वाळे, मनगट्या, काळ्या दोऱ्यातलं ताईत, प्रेस बटणाचं झबलं, सगळं काढून घ्या. चांदी चुंबकाला चिकटत नाही, पण तापू शकते आणि चित्रही बिघडवते. काजळ पुसा. आजी रागावल्या तर बाहेर आल्यावर पुन्हा लावू म्हणावं.

भावजींना नमस्कार, मुलांना पापा.

तुझी धाकटी