२०१८ चा जपान प्लॅन २०२५ मध्ये विकल्याबद्दल तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
परदेश सहल विभाग व ग्राहक तक्रार कक्ष

विषय : टोकियो-क्योटो-ओसाका सहलीची कालबाह्य आखणी करून दिल्याबद्दल तक्रार व परताव्याची मागणी

महोदय,

३० एप्रिल ते ७ मे २०२५ या काळात मी, पत्नी, थोरली बहीण, मुलगी, जावई आणि दहा वर्षांची नात असे आम्ही आपल्या संस्थेने आखून दिलेल्या प्लॅनप्रमाणे जपानला जाऊन आलो. टूर मॅनेजर आम्ही मागितला नव्हता. जावयाला नकाशे समजतात, मुलीला इंग्रजी फाडफाड येते, आणि मला स्वतःला बोट धरून फिरवलेले आवडत नाही. आपल्याकडून हवे होते ते एवढेच : कुठल्या दिवशी कुठे जायचे, कशाने जायचे आणि काय आधी बुक करायचे. त्यासाठी आपण माणशी १२,००० रुपये ‘खास आखणी शुल्क’ म्हणून घेतले. विमान, हॉटेल आणि रेल्वे पासचे पैसे वेगळे. तेव्हा ही तक्रार हॉटेलच्या उशीची किंवा न्याहारीतल्या चहाची नाही, आखणीची आहे.

मी एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालो. फेऱ्या लावण्यातच नोकरी गेली, त्यामुळे कुठलेही वेळापत्रक हातात आले की ते केव्हाचे आहे हे आधी बघायची सवय आहे. आपल्या प्लॅनवर तारीख २०२५ ची आहे. आतला मजकूर २०१८ च्या पावसाळ्यातला आहे. हा अंदाज नाही, हिशेब आहे, आणि तो पुढे देतो.

पहिल्याच दिवशी, बुधवारी, दुपारी बारा वाजता आपण आम्हाला ‘त्सुकिजी येथे ट्यूना माशांचा लिलाव’ बघायला पाठवलेत. ट्यूनाचा लिलाव भल्या पहाटे होतो, दुपारी नाही. दुसरे म्हणजे त्सुकिजीचा तो घाऊक मासळीबाजार ऑक्टोबर २०१८ मध्येच टोकियोतल्याच तोयोसूला हलवला गेला. त्सुकिजीला आता फक्त बाहेरचा किरकोळ बाजार उरला आहे, आणि त्यातली बरीच दुकाने बुधवारी बंद असतात. रात्रभर विमानात बसून आलेली सहा माणसे ओढलेल्या शटरांसमोर उभी राहिली. त्या सहांपैकी माझी बहीण मासे बघायलाही तयार नसते, आणि ते आपल्या फॉर्मवर ठळक अक्षरांत लिहून दिले होते, हे आणखी वेगळे.

दुसऱ्या दिवशी ओदायबा, टोकियोचा खाडीवरचा भाग. प्लॅनमध्ये दोन गोष्टी होत्या : ‘११५ मीटर उंच आकाशपाळणा’ आणि ‘टीमलॅब बॉर्डरलेस’ हे प्रकाशाने साकारलेल्या चित्रांचे प्रदर्शन. पाळणा ऑगस्ट २०२२ अखेर बंद झाला आणि नंतर उतरवला गेला. त्या जागी आम्हाला क्रेन आणि बांधकामाचे पत्रे दिसले. टीमलॅबही तिथून त्याच महिन्यात उठले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये आझाबुदाई हिल्सला नव्याने उघडले. तिथे जायचे तर वेळ ठरवून आधी तिकीट काढावे लागते, आणि आम्ही पोचेपर्यंत त्या दिवसाची तिकिटे संपली होती. मोनोरेलसारखी ती युरिकामोमे गाडी मात्र नातीला फार आवडली. चालकाशिवाय धावते, त्यामुळे पुढच्या काचेपाशी बसता येते. आपल्या प्लॅनमध्ये तिचा उल्लेख नव्हता.

आता हिशेब. ओदायबाचे ते प्रदर्शन जून २०१८ मध्ये सुरू झाले. त्सुकिजीचा लिलाव ऑक्टोबर २०१८ मध्ये हलला. ज्या कागदावर दोन्ही एका शहरात नांदतात, तो कागद या चार महिन्यांमध्येच लिहिलेला असणार. क्योटोच्या पानावर आपण ‘६०० येनचा एक दिवसाचा बस पास बसमध्येच घ्यावा’ असे लिहिले आहे. त्याची किंमत पुढे वाढली आणि सप्टेंबर २०२३ अखेर त्याची विक्रीच बंद झाली. बसचालकाने आमच्या हातातला आपला छापील कागद बघितला, मान लववली आणि भुयारी रेल्वे व बस मिळून असलेल्या ११०० येनच्या पासचे चित्र दाखवले. सात वर्षे जुन्या कागदावर नवी तारीख टाकून आपण त्याला ‘खास तुमच्यासाठी’ म्हणता.

याचा सगळ्यात महागडा भाग म्हणजे जपान रेल पास. सात दिवसांचा साधा पास ऑक्टोबर २०२३ पर्यंत २९,६५० येनला होता. तेव्हा टोकियोहून क्योटो-ओसाका करून परत आले तरी तो जवळजवळ वसूल होत असे, म्हणून सगळे डोळे झाकून घेत. मग तो एकदम ५०,००० येन झाला. आमचा प्रवास बघा : नारिता विमानतळ ते टोकियो, टोकियो ते क्योटो सुमारे १४,००० येन, क्योटो ते ओसाका सहाशेच्या आसपास, ओसाका ते टोकियो साडेचौदा हजारांच्या घरात. शहरातल्या जेआर (जपान रेल्वे) गाड्यांचे धरूनही माणशी ३५,००० च्या आत बसते. आपण ५०,००० लावले, नातीचे निम्मे. म्हणजे पाच मोठ्यांचे प्रत्येकी १५,००० आणि नातीचे ७,५०० मिळून ८२,५०० येन विनाकारण गेले. बरे, पास घेतला म्हणून सगळ्यात वेगवान ‘नोझोमी’ गाडीत बसायला मिळाले असेही नाही. त्यासाठी पासधारकाला वेगळे पैसे भरावे लागतात. आणि पास ३० एप्रिलला सुरू केल्यामुळे तो ६ मेच्या रात्री संपला. ७ तारखेला नारिताला जायचे तिकीट आम्ही खिशातून काढले.

मुळात ओसाकाहून टोकियोला परत यायचेच कशाला? कान्साई विमानतळ ओसाकाच्या खाडीत १९९४ पासून उभा आहे. उतरायचे नारिताला आणि निघायचे कान्साईहून, एवढे केले असते तर परतीचे पाचशे किलोमीटर, त्याचे भाडे आणि एका रात्रीचे हॉटेल वाचले असते. हे मी आपल्या प्रतिनिधीला जानेवारीत फोनवर विचारले होते. ‘सर, आमचा रूट सेट आहे’ असे उत्तर मिळाले. सेट होता खरा.

प्रवासाच्या तारखा आमच्या मुलांच्या सुट्टीप्रमाणे ठरल्या हे मान्य. महाराष्ट्रात शाळांना सुट्टी लागते तेव्हाच तिकडे ‘गोल्डन वीक’ असतो : २९ एप्रिल, मग ३, ४ आणि ५ मे, आणि यंदा ४ तारीख रविवारी आल्यामुळे ६ मेची भरपाई सुट्टी. सारा जपान त्या आठवड्यात गावी जातो, आपल्याकडे गणपतीला कोकणात जातात तसा. पैसे घेताना आपण हे सांगायला हवे होते. सांगितले तर नाहीच, उलट क्योटोचा प्रवास सुट्टी लागते त्या ३ मेच्या सकाळी आणि टोकियोची परती सुट्टी संपते त्या ६ मेच्या संध्याकाळी ठेवलीत. बुलेट ट्रेनचे आरक्षण महिनाभर आधी खुले होते. पासवर जागा फुकट राखून मिळते. आपल्या प्लॅनमधले वाक्य असे : ‘सीट स्टेशनवर गेल्यावर घ्यावी.’

त्या वाक्यामुळे आम्ही हिकारी या बुलेट ट्रेनच्या बिनआरक्षित डब्यात, तेही डब्यात नव्हे तर दोन डब्यांच्या मधल्या दारापाशी, नागोयापर्यंत उभे होतो. नात बॅगेवर बसली होती. बहिणीचे गुडघे बघून एका तरुणाने तिला आपली जागा दिली आणि स्वतः आमच्यात येऊन उभा राहिला, एक शब्द न बोलता. आपल्या माहितीपत्रकात ‘खिडकीतून फुजी पर्वताचे दर्शन’ आहे. क्योटोकडे जाताना फुजी उजव्या अंगाला, ई क्रमांकाच्या खिडकीतून दिसतो. आम्ही डाव्या दारापाशी होतो. तिथून एक बोगदा आणि बऱ्याच कारखान्यांच्या भिंती दिसल्या.

त्याच गाडीत बॅगांचा प्रश्न आला. लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंटिमीटरपेक्षा मोठी बॅग न्यायची तर मे २०२० पासून त्यासाठीची जागा आधी राखावी लागते, नाहीतर बॅगेमागे १,००० येन. आमच्या चार बॅगांचे ४,००० येन कंडक्टरने अतिशय अदबीने घेतले आणि पावती दिली, ती सोबत जोडली आहे. तिथे हॉटेलच्या काउंटरवर बॅग दिली की ती दुसऱ्या दिवशी पुढच्या शहरातल्या हॉटेलात पोचते. ताकुहाइबिन म्हणतात. आम्हाला हे क्योटोच्या हॉटेलातल्या मुलीने सांगितले. परदेशात माणसे पाठवणाऱ्या संस्थेला हे माहीत नसावे?

क्योटोची पाने वाचताना मला नोकरीतले नवे कारकून आठवले. नकाशावर पट्टी ठेवून वेळा लावायचे. सकाळी अराशियामा, म्हणजे शहराच्या पश्चिम टोकाला. तिथून फुशिमी इनारी, आग्नेयेला. मग कियोमिझु देऊळ, पूर्वेला. आणि साडेचारला किंकाकुजी हे देऊळ, थेट वायव्येला, जिथे रेल्वेस्थानक जवळ नाही आणि बसशिवाय सोय नाही. प्रत्येक टप्प्याला ‘४० मिनिटे’. किंकाकुजी पाचला बंद होते. फुशिमी इनारीची शेंदरी कमानींची वाट मात्र चोवीस तास उघडी असते, ती पहाटे किंवा रात्री करायची. अराशियामा आणि किंकाकुजी एका बाजूला पडतात, ती एका दिवशी. एवढी अदलाबदल कोणीही केली असती. सुट्टीच्या गर्दीत खचाखच बसमधून आम्ही किंकाकुजीला पोचलो तेव्हा फाटक लागले होते. टोकियोतही शुक्रवारी राजवाड्याची पूर्व बाग आखलीत. ती बाग सोमवारी आणि शुक्रवारी बंद असते. मिताकाच्या जिबली या अॅनिमेशन चित्रपटांच्या संग्रहालयाबाबत ‘तिकीट प्रवेशद्वारावर’ असे लिहिलेत. तिथे दारावर तिकीट मिळतच नाही. पुढच्या महिन्याची तिकिटे आदल्या महिन्याच्या १० तारखेला विक्रीला येतात. म्हणजे १० एप्रिल. आमचे पूर्ण पैसे आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधी जमा होते. नात परत येईपर्यंत माझ्याशी बोलली नाही. संस्थेने माझ्याऐवजी तिच्याशी बोलावे अशी माझी फार इच्छा आहे.

जेवणाबद्दल थोडक्यात लिहिणार होतो, पण बहिणीचा आग्रह आहे. आपल्या पॅकेजमध्ये ओसाकाला दोतोनबोरीजवळ ‘स्थानिक शाकाहारी भोजन’ होते. समोर कोबीचे जाडसर धिरडे आले, ओकोनोमियाकी. त्यावर तपकिरी रंगाच्या पातळ पापड्या होत्या आणि वाफेने त्या आपोआप वळवळत होत्या. बहीण म्हणाली, ‘हे हलतंय काय?’ वाळवलेल्या बोनितो माशाचा कीस होता तो. त्याचेच पाणी मिसो सूपमध्ये, उदोनमध्ये आणि भाजीच्या नावाने येणाऱ्या बऱ्याच पदार्थांत असते. ती तीन दिवस केळी, कोरा भात आणि घरून नेलेल्या मेतकुटावर राहिली. उपाय नव्हता असे नाही. अराशियामातल्या तेन्रयूजी देवळाच्या आवारात बौद्ध भिक्षूंचे शोजिन जेवण मिळते, मासा नाही, कांदा-लसूणही नाही. आधी सांगून ठेवलेले बरे, इतकेच. आम्ही त्याच देवळाच्या दारावरून उपाशी गेलो. टोकियोत निशी-कासाईला भारतीयांची वस्ती आहे, तिथे डाळ-भात मिळतो. हेही आम्हाला विमानतळावर एका नागपूरच्या कुटुंबाने सांगितले, परतताना.

आपल्या ‘चोवीस तास’ व्हॉट्सअॅप मदतीबद्दल : जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. ३ मेला सकाळी आठला टोकियो स्थानकातून केलेल्या मेसेजला भारतीय वेळेप्रमाणे साडेदहाला उत्तर आले, तेव्हा आम्ही क्योटोला पोचून जेवलो होतो. उत्तर होते, ‘एन्जॉय युअर ट्रिप’, सोबत चेरीच्या फुलाचे चित्र. परत आल्यावर आपल्या कार्यालयाने अटी-शर्तींचे कलम वाचून दाखवले की स्थळांच्या वेळा बदलू शकतात. वेळा बदलल्याची तक्रार नाही. तीन वर्षांपूर्वी उतरवलेल्या पाळण्याची आहे.

तेव्हा मागण्या अशा. आखणी शुल्क सहा जणांचे ७२,००० रुपये पूर्ण परत करावे, कारण आखणी झालीच नाही. रेल्वे पासवरचे जादा ८२,५०० येन, ७ मेच्या नारिता तिकिटांचे पैसे आणि बॅगांचे ४,००० येन त्या दिवशीच्या दराने रुपयांत द्यावेत. ओसाकाच्या भोजनाचे पैसे परत करावेत. आणि हाच प्लॅन आपण दिवाळीसाठी ‘जपान स्पेशल’ म्हणून सध्या विकत आहात, माझ्या शेजाऱ्यांना तो परवाच मिळाला, त्यातही त्सुकिजीचा लिलाव आहे. तो ताबडतोब मागे घ्यावा आणि ज्यांनी पैसे भरले आहेत त्यांना दुरुस्त प्रत द्यावी.

हे पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे सेवेतील त्रुटीची तक्रार मी राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे करीन. फोन करू नये. फोनवर झालेले बोलणे फाइलला लावता येत नाही.

सोबत : आपला छापील प्लॅन (खुणा केलेला), शुल्काची पावती, पासच्या व बॅगांच्या पावत्या, व्हॉट्सअॅप संदेशांची छायाचित्रे, दिवाळीच्या जाहिरातीची प्रत.

पोच द्यावी.

आपला,
सहाही प्रवाशांच्या वतीने तक्रारदार