दुकानदारांनी पाडलेली मोड

ऑक्सफर्ड, रविवार

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मोड नसली की आपण गिऱ्हाइकाच्या हातावर लिमलेटची गोळी ठेवतो आणि आई कुरकुरते, त्याची आठवण व्हावी अशी एक वस्तू काल इथल्या जुन्या नाण्यांच्या दुकानात मिळाली. करंगळीच्या नखाहून जराशी मोठी पितळी टिकली, आणि तिच्यावर लंडनच्या किराणा व्यापाऱ्यांच्या संघाचे चिन्ह, म्हणजे चक्क नऊ लवंगा! भिंगातून मोजल्या, सात स्पष्ट दिसतात, दोन झिजल्या आहेत.

१६४९ मध्ये इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्स राजाचा शिरच्छेद झाला, आणि त्याच्या परवान्याने चालणारी तांब्याची फार्दिंग पाडणे तोवर बंद पडले होते. फार्दिंग म्हणजे पाव पेनी. एवढ्याशा किमतीचे नाणे चांदीत पाडले असते तर ते चिमटीतही धरवले नसते. मग वाण्यांनी, खानावळवाल्यांनी, मेणबत्त्या करणाऱ्यांनी आपापल्या नावाची फार्दिंगे आणि पुढे अर्ध्या पेन्या पाडून घेतल्या. त्यांतील धातू दर्शनी किमतीहून बराच स्वस्त असल्यामुळे दुकानदाराचा त्यात फायदाही होता, पण ज्या गल्ल्यांत त्याची पत होती त्यांच्यापलीकडे त्या टिकलीला कोणी विचारत नसे. दुसऱ्यांच्या टिकल्या वेगळ्या ठेवण्यासाठी काही जण खणांची पेटी बाळगत आणि पुरेशा साठल्या की ज्याच्या त्याला परत करून खरे पैसे घेत. आपल्या उधारीच्या वहीपेक्षा हा व्यवहार मला अधिक चोख वाटला. १६७२ मध्ये दुसऱ्या चार्ल्सने तांब्याची सरकारी नाणी काढली आणि या खासगी नाण्यांवर बंदी घातली.

मला अधिक आवडली ती मागची बाजू. तिथे त्रिकोणात तीन अक्षरे आहेत: वर आडनावाचे, खाली डावीकडे नवऱ्याचे आणि उजवीकडे बायकोचे. ही त्या काळची रूढ पद्धत होती, आणि काही विधवांनी तर केवळ स्वतःच्या नावाने नाणी पाडली. आपल्याकडे सकाळी सातपासून गल्ल्यावर आई बसते आणि पाटीवर मात्र ‘अँड सन्स’. हे सन्स कोण, ते तुमच्या या एकुलत्या एका मुलीला अजून कळलेले नाही.

दिवाळीला येताना टिकली घेऊन येते. आईला ती अक्षरे दिसण्यासाठी भिंग लागेल. ते देवघराशेजारच्या फडताळात, पंचांगाखाली आहे.

आपली आज्ञाधारक,
सुमी