पाण्याच्या टाकीची सावली आणि छतावरची वीज

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सौरऊर्जेचे फायदे खोटे नाहीत. इंधन फुकट, धूर नाही, पॅनेलमध्ये हलणारा एकही भाग नाही. मात्र छतावरच्या यंत्रणेची चर्चा ‘किती किलोवॉट?’ यापुढे जात नाही आणि सावलीचा विषय राहूनच जातो.

पॅनेलमधले सेल, म्हणजे वीज तयार करणाऱ्या छोट्या चकत्या, एकापाठोपाठ एक, सिरीजमध्ये जोडलेले असतात. एका सेलवर टाकीची सावली पडली तरी त्या ओळीचा प्रवाह अडतो आणि झाकलेला सेल वीज देण्याऐवजी तापू लागतो. तो जळू नये म्हणून मागच्या जंक्शन बॉक्समध्ये साधारणपणे तीन बायपास डायोड, म्हणजे प्रवाहाला वळसा देणारे भाग, असतात. डायोडने सावलीतली ओळ वगळली की साध्या 60 सेलच्या पॅनेलचं एक तृतीयांश उत्पादन गेलं! अर्धे कापलेले सेल वापरणाऱ्या हाफ-कट पॅनेलला फटका कमी बसतो, पण बसतोच. म्हणून जागा ठरवताना हिवाळ्यातल्या सावलीचा हिशेब करावा. सूर्य क्षितिजापासून 30 अंशांवर असताना एक मीटर उंचीचा कठडा पावणेदोन मीटरपर्यंत सावली टाकतो. टाकी हलवणं शक्य असेल तर ती आधी हलवावी.

जितकी उष्णता जास्त तितकी वीज जास्त, हा एक गैरसमज. पॅनेलवर छापलेले वॉट सेलचं तापमान 25 अंश सेल्सिअस धरून मोजलेले असतात. त्यावर प्रत्येक अंशामागे सिलिकॉन पॅनेलची क्षमता साधारण 0.3 ते 0.4 टक्के घटते. सेल 60 अंशांवर गेला की दहा-बारा टक्के गेलेच. पॅनेल छताला चिकटवून न बसवता खालून वारा खेळेल इतकी जागा सोडावी.

धूळ सकाळी लवकर, काच गार असताना मऊ फडक्याने पुसावी. जड पाणी काचेवर वाळलं तर क्षारांचे डाग पडतात. घासणीने काचेवरचा लेप जातो.

वीज गेली की सोलरही बंद पडतं, अशी तक्रार हमखास येते. तो बिघाड नव्हे. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून ऑन-ग्रिड, म्हणजे वीज कंपनीच्या लाइनला जोडलेला, इन्व्हर्टर मुद्दाम बंद होतो. वीज गेल्यावरही दिवे हवे असतील तर बॅटरीवरही चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी सुरुवातीलाच ठरवावी.

कोटेशनमध्ये किलोवॉटच्या शेजारी वर्षाचे अपेक्षित युनिट लिहून घ्यावेत, आणि ते काढताना सावली किती धरली, हेही.

आपला,
सौर यंत्रणा बसवणारा एक तंत्रज्ञ