नगरच्या रस्त्यावर रणगाडा दिसतो, लूना दिसत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत ‘रस्त्यावरच्या दुर्मीळ गाड्या’ म्हणून आपण जे फोटो छापले, ते सगळे कोट्यवधींच्या परदेशी मोटारींचे होते. फोटो देखणे होते, त्याबद्दल तक्रार नाही. पण महाग ते दुर्मीळ, हा हिशेब मला पटला नाही. खिशात पैसे असतील तर ती मोटार कुणीही उद्या बुक करील. मी सांगतो ती गाडी, म्हणजे पायडल मारायची जुनी लूना मोपेड, शोरूममध्ये जाऊन मागा, बरं का. पोरं हसतील.

मी केडगावला राहतो. लूनाच्या कारखान्यात २७ वर्षे काढली, बहुतेक असेंब्लीला. निवृत्त झाल्यापासून सकाळी बायपासच्या टपरीवर चहाला जातो आणि बसल्या बसल्या गाड्या पाहतो. खिशात छोटी वही असते. वेगळे काही दिसले की तारीख, वेळ, गाडी आणि तिच्यावर काय लादले होते ते लिहून ठेवतो. टपरीवाला म्हणतो, “काका, तुम्ही आरटीओत पाहिजे होतात.”

या वहीला नगरमध्ये कमी पडत नाही. रणगाडादळाचे प्रशिक्षण केंद्र इथलेच, त्यामुळे लांबलचक ट्रेलरवर ताडपत्री ओढलेला रणगाडा चालला आहे, याचे आमच्या नातवंडांनाही नवल नाही. लष्करी गाडीच्या नंबरात वर तोंड केलेला बाण असतो आणि त्याच्या पुढचे दोन आकडे म्हणजे ती सैन्यात आली ते साल, हे मला सुट्टीवर आलेल्या एका जवानाने टपरीवरच शिकवले. डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेची व्हीआरडीई ही वाहनांची प्रयोगशाळाही नगरचीच. कंपन्या नव्या गाड्या तिथे तपासणीला पाठवतात. मग कधी कधी अंगभर काळ्या-पांढऱ्या वेलबुट्टीचे स्टिकर लावलेली, बोनेट कुठे संपते तेही कळू नये असे सोंग घेतलेली गाडी समोर येऊन थांबते. कोणते मॉडेल म्हणून विचारले, तर ड्रायव्हर हसतो आणि चहात साखर वाढवायला सांगतो. तीनचाकी जुना टेम्पो मात्र वहीत आठ वर्षांत एकदाच आहे, तोही बिननंबरचा.

आणि लूना? गेल्या पूर्ण वर्षात दोन. त्यातली दुसरी मागच्या महिन्यातली. माळीवाड्याजवळ आधी आवाज आला. तो आवाज मी झोपेतही ओळखीन. स्कूटर वळवली आणि मार्केट यार्डापर्यंत तिच्या मागे गेलो. चालवणारा साठीचा, मागे कोथिंबिरीची दोन पोती. मी गाठल्यावर बिचारा घाबरलाच. “साहेब, कागदं घरी आहेत.” म्हटले, मी साहेब नाही, मी ह्या गाड्या जोडायचो. त्याचा विश्वास बसला नसावा, पण गाडी पाहू दिली.

सीटवर खताची गोणी शिवलेली. ब्रेकची वायर सायकलची. उजव्या पायडलचे रबर मूळचे, झिजून गुळगुळीत झालेले. डाव्याचे गेलेले, तिथे ट्यूबची पट्टी सुतळीने आवळलेली. चालू करून दाखवा म्हटले, तर त्याने गाडी स्टँडवर घेतली, पायडल मारले आणि दुसऱ्या फेरीला तिने धरले. निळा धूर निघाला, पेट्रोलात ऑइल जरा जास्त घातले होते. लूनात हीच गंमत होती. पेट्रोल संपले तरी सायकलसारखी मारत घरी येता यायचे. आमच्या गावात कितीतरी मास्तर, नर्सबाई आणि दूधवाले तिच्यावर फिरले. परवाना १६ व्या वर्षी मिळायचा, कारण गाडी ५० सीसीची आणि बिनगिअरची.

तो म्हणाला, पुण्याहून एकजण आला होता. हॉटेलात शोभेला ठेवायची म्हणून बरे पैसे द्यायला तयार होता. “देऊन टाकली असती, पण मग कोथिंबीर कशावर आणू?”

घरी येऊन मी नियम वाचले. केंद्राच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे ५० वर्षांवरची, मूळ रूपातली दुचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते, नंबरात ‘व्हीए’ अक्षरे येतात. लूना बाजारात आली १९७२ ला. म्हणजे अगदी सुरुवातीच्या लूना या मानाला आता पात्र आहेत. पण नव्या नोंदणीची फी २० हजार, तेवढ्यात तेव्हा घरातल्या प्रत्येकाला एकेक लूना आली असती! शिवाय अशी गाडी प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणे, दुरुस्ती अशा कामांपुरतीच बाहेर काढायची. रोजच्या वापराला नाही. कोथिंबिरीचा उल्लेख मला कुठे सापडला नाही.

म्हणून आपल्याला विनंती. पुरवणीचा एक कोपरा गल्लीतल्या चालत्या जुन्या गाड्यांना द्या. फोटोसोबत ती कोण चालवतो, तिच्यावर काय वाहतो, सुटे भाग कुठून आणतो, एवढे चार ओळींत छापा. आमच्या गावात रणगाड्यांचे संग्रहालय आहे, रोल्स-रॉइसची चिलखती मोटारसुद्धा तिथे पाहायला मिळते. लूना मांडून ठेवलेली मला तरी नगरमध्ये कुठे दिसली नाही. २०२४ मध्ये ती विजेवर परत आली. नातवाने हिरव्या पाटीची दाखवलीही. बरी आहे. पण शेजारून गेली तरी मला कळले नाही.

आणि फोटो मागवाल तेव्हा एक सूचना जरूर छापा. गाडी थांबल्यावर, चालकाला विचारून फोटो घ्यावा. स्टिकरवाल्या गाडीच्या मागे एका हाताने हँडल नि दुसऱ्या हाताने मोबाइल धरून जाणारा एक मुलगा आमच्या डोळ्यांदेखत उसाच्या ट्रेलरखाली जाता जाता वाचला. पाठलाग मीही केला, कबूल आहे. पण माझा मोबाइल खिशात होता.

आपला,
एक निवृत्त कामगार, केडगाव, अहिल्यानगर

ता. क. : त्या कोथिंबीरवाल्याला डाव्या पायडलचे रबर हवे आहे. कुणाच्या माळ्यावर पडले असेल तर आपल्या नगर कार्यालयात ठेवावे, मी येऊन घेऊन जाईन.