मावशीच्या वहीतली होडी

दोस्ता,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी बसमध्ये होतो, आवाज कटत होता आणि तू एकदम विचारलंस की आपल्याकडे आता काय काय शिल्लक आहे रे. फोनवर सांगता आलं नाही, म्हणून हे लिहायला बसलोय. चाळीस वर्षांत तू एकदाच लालबागला येऊन गेलास, तेपण कुणाच्या तरी बाराव्याला, आणि संध्याकाळच्या गाडीने परत. मला त्याचं वाईट वाटलं होतं, आज सांगतो.

आपली गिरणी गेली हे तुला माहीतच आहे, तिथे टॉवर आहे. चिमणी काही वर्षं एकटीच उभी होती मग तीपण पाडली. चिवडा गल्ली आहे, मसाल्याची दुकानं आहेत, मे महिन्यात अजून बायका मिरच्या घेऊन येतात, मिरच्या कुटायचा डंख सुरू झाला की सगळा रस्ता शिंकतो. गणेश गल्लीचा गणपती आहे, चिंचपोकळीच्या चिंतामणीच्या आगमनाला तर पाय ठेवायला जागा नसते. पण भोंगा नाही रे. भोंग्यावर घड्याळ लावणारी माणसं आपण, सकाळी सातचा, दुपारी साडेतीनचा आणि रात्री बाराचा. मला अजून सातच्या आधी जाग येते आणि पाचेक मिनिटं मी भोंग्याची वाट बघत पडलेला असतो.

तुला आठवतं का आपण बदलीचा पास खिशात घालून गेटवर उभे राहायचो, कोणी खाडा केला तर काम नायतर हात हलवत परत. आणि पहिल्या दिवशी साचेखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात शिरलो तेव्हा तो आवाज ऐकून तू माझा हात घट्ट धरला होतास. शेकडो साचे एकदम, आडवं सूत नेणारा धोटा इकडून तिकडे आपटतोय, बाजूचा माणूस ओरडला तरी ऐकू नाय. महिन्याभरात आपण ओठांवरनं बोलणं ओळखायला शिकलो. दोन बोटं ओठाला म्हणजे बिडी, मूठ वर केली की जॉबर, आपला मुकादम, येतोय. माझी बायको अजून म्हणते की तुम्ही घरात पण ओरडूनच बोलता, काय करणार, कान तिथेच ठेवून आलो. शिफ्ट सुटली की भुवयांवर, कानाच्या केसांवर, पापण्यांवर सुद्धा पांढरी रुई, आपण वीस-बावीस वर्षांची पोरं पण गेटबाहेर पडताना म्हातारे दिसायचो.

मग आधी इराणी. एक पानी कम चहा दोघांत, ब्रून मस्का आणि एका नवाकाळची चार पानं चौघांच्या हातात. अग्रलेख नेहमी तुझ्याकडे कारण तू मोठ्याने वाचायचास. इराण्याने कधी उठा म्हटलं नाही. आणि पगाराच्या दिवशी तो पुलाखालचा गुत्ता, पत्र्याचं पार्टिशन, ओले बाकडे, वाटीत उकडलेले चणे आणि वर मीठ. मी गुत्त्याचं कौतुक करत नाय, किती घरं तिथे बुडाली ती आपण डोळ्यांनी बघितली. पण त्रासनखात्यातले, सूत कातायच्या खात्यातले, माळकरी नाना आठवतात ना? गळ्यात तुळशीची माळ, थेंबाला शिवायचे नाहीत, तरी दर पगाराला आपल्याबरोबर यायचे आणि बाहेर फुटपाथवर सोडा घेऊन बसायचे. आत जायच्या आधी सगळ्यांची पाकिटं त्यांच्याकडे, प्रत्येकाला मोजून पाच रुपये हातात. ते संपले की किती विनवण्या करा, नाना ढिम्म. काही जणांच्या बायका गेटवर उभ्या असायच्या, त्यांना नाना दिसले की त्या निर्धास्त घरी जायच्या. आपल्या खात्यातली निदान चार पोरं त्या माणसामुळे संसाराला लागली असं मी आजही मानतो.

गेल्या महिन्यात पुतण्या मला एका पबमध्ये घेऊन गेला, हट्टच धरला. गिरणीच्या जुन्या शेडमध्येच आहे, करवतीच्या दात्यांसारखं ते छप्पर तसंच ठेवलंय, काचा पण. पोरं बिअर पीत होती, म्युझिक एवढं की कुणाचं बोलणं कुणाला कळेना आणि पुतण्या ओठ हलवून काहीतरी विचारत होता, मला बरोब्बर समजलं. तो चाट पडला. मी वर छपराकडे बघत बसलो रे, सकाळपाळीला उन्हाचा पट्टा साच्यावर कुठून यायचा ते शोधत.

आता खरी गोष्ट, जिच्यासाठी एवढं लिहितोय. मावशीची खानावळ.

गिरण्यांच्या संपावर बरंच लिहून आलं. १८ जानेवारी १९८२, अडीच लाख कामगार, संपाचे पुढारी डॉक्टर दत्ता सामंत, सगळं खरं. पण त्या दिवसांत आपल्या पोटात अन्न कुठून आलं ते फार कुणी लिहीत नाही. वाण्याने वही बंद केली नाही, इराण्याने चहा लिहून ठेवला, आणि मावशीने दोन्ही वेळा ताट वाढलं. तिची खोली केवढीशी, दहा बाय बाराची, त्यात वीस माणसांच्या तीन पंगती. पूर्वी ती वाण्याकडनं तांदूळ उधार आणायची आणि व्याज भरता भरता तिचे हात रिकामे, हे तिनेच सांगितलेलं. १९७५ साली प्रेमाताई पुरवांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, खानावळवाल्या बायकांना बँकेचं कर्ज मिळायला लागलं, त्यात मावशी पण होती. त्या जोरावर ती संपात टिकली आणि तिच्या जोरावर आपण. मे उजाडेपर्यंत रविवारचं मटण गेलं, मग खोबऱ्याचं वाटप गेलं, शेवटी पिठी-भात राहिला, पण तिने एकालाही आज नको येऊस म्हटलं नाही. गळ्यातली डोरली कधी गेली ते आपल्याला कळलंच नाही, नुसता काळा दोरा दिसायला लागला.

मावशीला लिहिता येत नव्हतं. वहीत प्रत्येकाचं एक पान, वर चित्र आणि खाली जेवणाला एक रेघ. माझ्या पानावर धोटा, नानांच्या पानावर माळ, तुझ्या पानावर होडी, कारण तू सारखा मालवणच्या गोष्टी सांगायचास. पहिल्या पावसात तू रात्रीच्या एसटीने गेलास, कुणाला न सांगता. सकाळच्या पंगतीला मावशीने तुझं ताट मांडलं होतं, मीच उचललं.

मी पुढे हमाली केली, मग वॉचमन झालो, तुला माहीत आहे. ९४ साली थोडे पैसे जमले तेव्हा वहीचं देणं फेडायला गेलो. तिने माझ्या रेघा मोजल्या, पैसे घेतले, पानावर फुली मारली. मी म्हटलं दोस्ताचे पण घे. नाय म्हणाली. "त्याचं तो देईल, त्याला येऊ दे." वर विचारलं की त्याची आई बरी आहे का, पोरं किती. रागाचा एक शब्द नाही.

मावशी जाऊन आता बरीच वर्षं झाली. मुलगी त्याच खोलीतून पोळी-भाजीचे डबे देते. परवा तुझा फोन ठेवला आणि सरळ तिच्याकडे गेलो, तिने ट्रंकेतून वही काढली. कडा वाळवीने खाल्ल्यात, पण होडी आहे. शिडाची, उलट्या बाजूला वाकलेली. खाली त्र्याण्णव रेघा, मी दोनदा मोजल्या. तू त्या दिवशी फोनवर पैशाचं काहीतरी पुटपुटलास आणि विषय बदललास, मला कळलं तुझं पाऊल इकडे का पडत नाही. अरे, अर्धं गिरणगाव असंच रात्रीच्या गाडीने गेलं. तोंड लपवायचं काही कारण नाही.

मुलगी म्हणाली, पैसे राहू दे, काकांना जेवायला आणा. मी म्हटलं पैसे पण देईल, मी ओळखतो त्याला.

गणपतीत तू गावचं घर सोडणार नाहीस, म्हणून दसऱ्यानंतर ये. परळ डेपोला मी घ्यायला येतो, किती पण वाजता उतर. आणि होडीला फुली मारायला पेन तुझंच आण.

तुझाच,
धोटा