उद्यमबागेत बनेल अशी म्युऑनची पेटी

कार्ल्सरूह, जर्मनी

ती. काका आणि सौ. काकूंस,
सा. न. वि. वि.

धाकटीच्या बीएस्सीच्या प्रोजेक्टवरून तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. विश्वकिरणांवर, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या वेगवान कणांवर, काम करणाऱ्या विद्यापीठातल्या गटात माणसं नेमकं काय करतात, आणि म्युऑन मोजायची पेटी बेळगावच्या उद्यमबागेतल्या आपल्या वर्कशॉपात होईल का? होईल. आणि ती कशी करायची हे सांगितलं की पहिल्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच येईल.

म्युऑन म्हणजे इलेक्ट्रॉनसारखाच पण त्याहून जड कण, आणि ते वरून पडतच असतात. अवकाशातून आलेला प्रोटॉन साधारण १५ किलोमीटर उंचीवर हवेच्या अणूवर आदळतो, त्यातून ते निघतात. आडव्या पृष्ठभागावर दर चौरस सेंटिमीटरला मिनिटाला अंदाजे एक. काकू भाकरीचं पीठ मळतात त्या ४० सेंटिमीटरच्या परातीतून सेकंदाला वीसेक जातात म्हणा की.

ते पकडायला सिंटिलेटर नावाचं, कण आरपार गेला की चमकणारं प्लास्टिक लागतं. ५ बाय ५ सेंटिमीटरच्या, १ सेंटिमीटर जाडीच्या दोन पट्ट्या पुरतात. म्युऑन आरपार गेला की त्यात साधारण २ मिलियन इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा सोडतो आणि वीसेक हजार प्रकाशकण निघतात. प्रकाश टिपणाऱ्या सेन्सरपर्यंत त्यातले थोडेच पोचतात, म्हणून सगळी धडपड ते वाचवायची असते.

इथं पहिलं काम टर्नर-फिटरचं, म्हणजे तुमचं. हे प्लास्टिक ७० अंशाला मऊ पडतं. करवत जोरात चालवली की कड वितळते आणि आत बारीक तडे उठतात. धारदार पातं, कमी वेग, वर पाण्याची धार, आणि मग वॉटरपेपरने चढत्या नंबरांनी घासून आरशासारखी कड. थिनर किंवा ॲसिटोन जवळही आणू नका, साबणाचं पाणी बस. हातमोजे हवेतच, कारण बोटांच्या तेलानं पृष्ठभागावर बारीक तड्यांची जाळी धरते.

पेटीचं झाकण नुसतं टेकवून बसवलं तर तिथून उजेड शिरतो. दोन्ही भागांना स्टेप काढा, एकाची कड दुसऱ्याच्या खाचेत जाईल अशी, आणि आतून मॅट काळा रंग द्या. उजेड सरळ रेषेत जातो, दोन वळणं आणि काळी भिंत मिळाली की तिथंच संपतो. वायरचं भोकही सरळ न पाडता तिरपं पाडा. इथल्या गटात या कामाची किंमत सगळे जाणतात. जोड चुकला तर पुढचे सहा महिने जमवलेले आकडे कचऱ्यात जातात.

मग येतो विद्यार्थ्याचा, तुमच्या घरात धाकटीचा, भाग. पट्टीला ॲल्युमिनियमची फॉईल सैल गुंडाळायची, चिकटवायची नाही. प्लास्टिक आणि फॉईलमध्ये हवेची फट राहिली तरच प्रकाश कडांवरून आतल्या आत परततो. सेन्सरच्या जागी फॉईलला नेमकं भोक, तिथं सिलिकॉनचं ऑप्टिकल ग्रीस मोहरीएवढं, हळू दाबायचं, बुडबुडा राहता कामा नये. वरून काळा कागद दोनदा आणि काळी टेप. गळती नेहमी कोपऱ्यांवर सापडते. अंधाऱ्या खोलीत मोजणी चालू ठेवून टॉर्च पेटीभोवती सावकाश फिरवायचा. आकडा जिथं उसळेल तिथं खडूने खूण.

सेन्सर म्हणून ६ मिलिमीटरचा सिलिकॉन फोटोमल्टिप्लायर घ्या, म्हणजे अगदी थोडा प्रकाशही टिपणारी चिप. तो ३० व्होल्टच्या आसपास चालतो. मोठ्या पट्ट्यांना त्याच कामाची काचेची नळी लागते, तिला हजार व्होल्टच्या आसपास द्यावे लागतात, आणि चालू असताना तिच्यावर उजेड पडला तर ती खराब होते. घरी ते नकोच. सिलिकॉनचा दोष एवढाच की तापमान बदललं की त्याचा गेन, म्हणजे सिग्नल किती पट वाढवतो ते, बदलतो, म्हणून प्रत्येक नोंदीला तापमान लिहायचं. पावसाळ्यात बेळगावची ओल सर्किटमध्ये शिरते, पेटीत सिलिका जेलची पुडी ठेवा.

एकाच पट्टीचा आकडा म्हणजे म्युऑनचा आकडा नव्हे. भिंतीतल्या दगडातले गॅमा किरणही तिला चमकवतात. म्हणून दोन पट्ट्या एकीवर एक ठेवून दोघी एकाच वेळी चमकल्या तरच मोजायचं. दोघींची वेगवेगळी गणती सेकंदाला १० असेल आणि 'एकाच वेळी' म्हणजे १० मायक्रोसेकंदांच्या आत, तर निव्वळ योगायोगाच्या जुळण्या तासाला सातेक. त्या वजा करायच्या. हा हिशेब इथं पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतर संशोधन करणारे, बघतात, आणि नव्या विद्यार्थ्याला पहिल्यांदा तोच शिकवतात. जुळण्या मिनिटाला १० आल्या तर दिवसाला १४,४००, वर्गमूळ १२०, म्हणजे एक टक्क्याच्या आतली अनिश्चितता. तेवढ्यात हवेच्या दाबाचा परिणामही दिसायला लागतो. दाब १० हेक्टोपास्कलनी वाढला की म्युऑन एक-दोन टक्क्यांनी घटतात. वहीत दाब नसेल तर हा उतार धाकटीला अवकाशातून आल्यासारखा वाटेल.

बाकी गटात इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनिअर सर्किट आणि थ्रेशोल्ड (किती मोठा सिग्नल मोजायचा ती मर्यादा) सांभाळतो, कुणी आकडे साठवतो, शिफ्टवाला रात्री मोजणी थांबली तर उठतो, प्राध्यापक निधी आणि दिशा बघतात. शोधनिबंधावर शेकडो नावं अक्षरक्रमानं येतात, त्यामुळे कोणी काय केलं हे नावावरून कळत नाही.

हे सगळं आपल्याला परकं नाही. कोलारच्या सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली दोन किलोमीटरहून खोल, १९६५ साली वातावरणात तयार झालेल्या न्यूट्रिनोंच्या, म्हणजे जमिनीतूनही आरपार जाणाऱ्या कणांच्या, खुणा सापडल्या. त्याच खाणीतल्या प्रयोगाचे लोखंडी काउंटर पुढे उटीच्या ग्रेप्स-३ या विश्वकिरणांच्या प्रयोगाला नेले, आणि आज ते तिथं म्युऑन मोजतात. लोखंडी नळीतला गळका वेल्ड शोधणारी माणसंही त्या कामात होतीच.

प्लास्टिक मागवण्याआधी झाकणाच्या स्टेपचं ड्रॉइंग मला पाठवा, मापं बघून कळवते. काकूंना नमस्कार, धाकटीला आशीर्वाद.

आपली,
पुतणी