जुन्या रेस कार किलोवर विकू नका, बेळगावात त्या परत उभ्या राहतात

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

बेळगाव, खानापूर, निपाणी, संकेश्वर आणि तिकडं कोल्हापूरपर्यंत कुणाच्या शेडात, कुणाच्या गोठ्यामागं जुनी रेसची गाडी ताडपत्रीखाली पडून असेल तर ती भंगारात घालायच्या आधी एकदा थांबा, एवढं सांगायला हे पत्र लिहितोय. आमच्या अनगोळातल्या घरामागं पत्र्याच्या शेडात मी आणि माझा चुलत भाऊ मिळून एक फॉर्म्युला मारुती परत उभी करतोय. ती पण किलोच्या भावानंच जाणार होती. चेसिस, म्हणजे गाडीचा सांगाडा, कापायचं ठरलेलं होतं म्हणे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, कोइंबतूरच्या एस. करिवर्धन यांनी 1980 च्या दशकाच्या शेवटी ही एका सीटची, उघड्या चाकांची गाडी काढली, पाइपांची चेसिस, वर फायबरची बॉडी आणि ड्रायव्हरच्या पाठीमागं साध्या मारुती 800 चं इंजिन, 796 सीसी, तीन सिलिंडर. उद्देश एवढाच की आपल्याकडच्या पोरांना परवडेल अशा गाडीत रेसिंग शिकता यावं. नरेन कार्तिकेयन, जो 2005 ला जॉर्डनमधून फॉर्म्युला वनमध्ये उतरला, भारतातला पहिलाच, त्यानं पहिली रेस याच गाडीत चेन्नईजवळच्या श्रीपेरंबुदूरच्या ट्रॅकवर केली. करिवर्धन 1995 ला छोटं विमान कोसळून गेले, कोइंबतूरच्या ट्रॅकला आज त्यांचंच नाव आहे. असल्या माणसाच्या हातची कल्पना भंगारच्या काट्यावर चढते याचं मला खरंच फार वाईट वाटतं.

आता कामाचं. लोक येतात आणि पहिलं विचारतात, रंग कुठला देणार? रंग सगळ्यात शेवटी ओ. जुनी रेस कार बाहेरून कितीही चकाचक केली तरी तिचा जीव चेसिसच्या पाइपात असतो, आणि पाइप आतून गंजतो, वरून कळत पण नाही. आम्ही आधी सगळा जुना रंग उतरवला, मग जाडी मोजायच्या मशीननं पाइप तपासले, आणि प्रत्येक जोडाला डाय पेनिट्रंट मारलं. म्हणजे जागा स्वच्छ करायची, लाल डाय लावायचा, मुरू द्यायचा, पुसून काढायचा आणि वरून पांढरा डेव्हलपर फवारायचा, जिथं बारीक चीर असेल तिथं लाल रेघ आपोआप उमटते. सस्पेन्शनचे आर्म जिथं बसतात तिथल्या कानांवर अशा रेघा आल्या. रंग मारून ती गाडी कुणी पळवली असती तर चाक निखळलं असतं, आणि त्या गाडीत ड्रायव्हरचे पाय कुठं असतात ते बघा, पुढच्या चाकांच्या मधे!

दुसरी एक गोष्ट मुद्दाम लिहितो कारण वेल्डर लोक घाईत हे बघत नाहीत. मधे कधीतरी कुणीतरी एक दोन जोड पितळेनं भरलेले होते. त्याच्यावर तसंच वेल्डिंग मारलं तर पितळ वितळून स्टीलच्या कणांच्या मधल्या सांध्यांत शिरतं आणि जोड गार होताना शेजारीच तडकतो. तेवढा तुकडा कापून सीमलेस म्हणजे बिनजोडाच्या पाइपचा नवीन घालणे हाच मार्ग. आमच्या वेल्डरनं बघितल्या बघितल्या पितळ ओळखलं आणि टॉर्च खाली ठेवला, असला माणूस मिळायला नशीब लागतं.

इंजिनचं त्या मानानं सोपं. मारुती 800 ही गाडी 2014 ला बंद झाली तरी पिस्टन, रिंगा, बेअरिंग अजून मिळतात, बोअर म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास 68.5 मिलिमीटरचा, कुठल्याही बोरिंगवाल्याला पाठ. फक्त टायमिंग बेल्ट आणि ब्रेकचे रबरी पाइप गाडी न पळवता नुसती ठेवली तरी मरतात, ते दिसायला चांगले असले तरी फेकायचेच. ब्रेक ऑइल पण तसंच, ते हवेतलं पाणी ओढून घेतं, डॉट 4 प्रकारचं ऑइल नवीन असताना निदान 230 डिग्रीपर्यंत उकळत नाही पण पाणी मुरलं की 155 च्या आसपास उकळू शकतं, आणि उकळलं की पेडल सरळ खाली जातं.

हे सगळं करायला आम्हाला बेळगावच्या बाहेर जावं लागलं नाही, हे मला छापून यायला पाहिजे. उद्यमबागेत लेथ, मिलिंग, ग्राइंडिंग, मच्छेकडं पण शॉप, फाउंड्र्या आहेत, पॅटर्न, म्हणजे ओतकामासाठी लाकडी नमुना, करणारे सुतार आहेत. एक ब्रॅकेट मिळेना तर तुटक्या तुकड्यावरनं लाकडी पॅटर्न करून अॅल्युमिनियममध्ये ओतून घेतलं. पॅटर्नवाले काका कन्नड बोलतात, टर्नर आमचा मराठी, वेल्डर घरी उर्दू, आणि माप सगळ्यांचं एकच. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 ला याच गावात सायकलचं दुकान काढलं, सायकली दुरुस्त करता करता पुढं लोखंडी नांगरापर्यंत गेले, नंतर 1910 ला त्यांना गाव सोडून किर्लोस्करवाडी वसवावी लागली हे खरं, पण हाताचं काम मात्र इथं राहिलंय. आता ते हात साठी सत्तरीचे झालेत आणि त्यांच्या शेजारी बसून शिकणारं कुणी नाही, हे बघून मला काळजी वाटते.

म्हणून कॉलेजांना विनंती आहे. इथं गोगटे इन्स्टिट्यूट आहे, व्हीटीयू म्हणजे विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचं तर मुख्यालयच इथं आहे. बाहा, फॉर्म्युला भारत असल्या स्पर्धांसाठी पोरं नवीन गाड्या बनवतात, त्यांचं कौतुकच आहे, पण एखादी जुनी गाडी पूर्ण उघडून परत जोडायला पण पोरांना द्या, ती कुठं तुटली आणि का तुटली हे कागदावर कळत नाही. आणि जी पोरं सायलेन्सर काढून हायवेवर गाड्या पळवतात ना, त्यांना रागवण्यापेक्षा एखाद्या रविवारी आमच्या शेडात पाठवा, मी पाना हातात देतो. आमची गाडी रस्त्यावर कधीच उतरणार नाही, तिला नंबर प्लेट नाही, ती बंद ट्रॅकवरच पळणार, हे आम्ही त्यांना पहिल्यांदा सांगतो.

शेवटी एक मदत पाहिजे. त्या काळात चेन्नईजवळच्या शोलावरम किंवा श्रीपेरंबुदूरला रेस बघायला गेलेले आपल्या भागातले कुणी असतील आणि त्यांच्याकडं फॉर्म्युला मारुतीचे फोटो असतील, खास करून मागच्या बाजूचे, तर कृपया दाखवा. आमच्या गाडीचं मागचं कव्हर गेलंय आणि इंधनाची टाकी मुळात कशी बांधलेली होती ते आम्हाला फोटोवरूनच कळेल. माझा पत्ता तुमच्या ऑफिसात देऊन ठेवलाय.

आपला,
एक वाचक, अनगोळ, बेळगाव